ती जेवत होती

आमच्या गावात कुणाची बस सुटली, कुणाचा नेम चुकला, कुणाची भट्टीतली भाकरी करपली, की लोक कारण विचारत बसत नाहीत. स्वतःच सांगून टाकतात, "ती जेवत होती." आणि हसतात. गिरणीत हे चालतं, दुकानात चालतं. शाळेत कुणाचा गोल हुकला की मुलं माझ्याकडे बघून ओरडायची. मागच्या खेपेला मी गावी गेले, तेव्हा दुकानातल्या नव्या मुलीनंही तेच म्हटलं. माझ्यासाठी पिशवी शोधायला तिला जरा वेळ लागला, एवढंच निमित्त. तिचा जन्म त्या गोष्टीनंतर कितीतरी वर्षांनी झालेला. तिला ती एखादी जुनी म्हण वाटत होती.

ती म्हणजे मी. जेवत होते ती मी. आणि हे वाक्य माझ्या बाबांचं आहे.

बाबांचं नाव टूरे. स्वीडनच्या उत्तरेला नदीकाठी ग्रानसेले नावाचं गाव आहे. तिथे ते जन्मले आणि तिथल्याच लाकूडगिरणीत मोठ्या करवतीवर लागले. कमी बोलायचे. पण आमच्याकडे सगळेच कमी बोलतात. 'हो' म्हणायलासुद्धा आम्हाला शब्द लागत नाही. ओठांचा जरासा चंबू करून श्वास आत ओढायचा, गरम कॉफीचा घोट घेतल्यासारखा. झाला होकार. दक्षिणेकडच्या माणसाला वाटतं, याला कुठे काही दुखलं की काय. माझी आई, सोलवेग, दक्षिणेकडची. लग्न करायचं का, हे बाबांना तिनेच विचारलं होतं. बाबांनी श्वास ओढला, आणि ती बिचारी उत्तराची वाट बघत बसून राहिली. शेवटी रडवेली होऊन उठायला लागली, तेव्हा बाबा म्हणाले, "मघाशीच तर सांगितलं."

आई रक्त तपासायचं शिकली होती. ग्रानसेलेत त्या विद्येचा उपयोग नव्हता. गावात रक्त दिसायचं ते करवतीवर बोट कापलं तर, नाहीतर शिकारीच्या दिवसांत. तिने दुकानात काम केलं, पोस्टात केलं, मग मी झाले. माझ्या पहिल्या वसंतात किनाऱ्यावरच्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात तिच्या कामाची एक जागा निघाली. ऑगस्टमध्ये रुजू व्हायचं होतं. शहर इतकं लांब की रोज जाऊन येणं शक्य नाही. सोमवारी पहाटेच्या बसने जायचं, शुक्रवारी संध्याकाळी परत यायचं. हे सांगताना आईने आवाज आधीच पाडलेला होता, नकार ऐकायची तयारी केल्यासारखा.

"पण मालीन अजून एवढीशी आहे," ती म्हणाली.

"मी आहे ना," बाबा म्हणाले.

कायदा होऊन काही वर्षं लोटली होती. मूल लहान असताना आईनेच घरी राहावं असं नाही, बापालाही राहता येईल. पगार जवळजवळ सगळा सरकार देईल. नोकरी जाणार नाही. तो पगार देणाऱ्या विमा कचेरीच्या भिंतीवर एक चित्र लावलेलं होतं. दंड फुगवलेला एक धिप्पाड माणूस आणि त्याच्या हातात बाळ. गावातले पुरुष त्या चित्राला हसत. ती रजा कुणी घेतली मात्र नव्हती.

गिरणीत मुकादम होता अल्गोट. तोच गावच्या शिकारीच्या टोळीचा म्होरक्या. बाबा त्याच्या खोलीत गेले, टोपी हातात घेऊन.

"मला रजा हवी. ऑगस्टपासून."

"शिकारीची? ती सगळ्यांनाच मिळते. पण ऑगस्टपासून कशाला?"

"मुलीसाठी."

"आजारी आहे?"

"नाही. लहान आहे."

अल्गोटने चष्मा काढून पुसला. "लहान तर सगळीच असतात, टूरे. मला चार झाली. सगळी लहानच झाली."

बाबांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली.

"कायदा आहे, ठाऊक आहे मला. तुझा हक्क आहे, नाही म्हणता येत नाही. पण कायदा झाला म्हणून लगेच वापरायलाच हवा असं थोडंच असतं?"

अल्गोटने मान हलवली. बाबा टोपी घालून बाहेर आले.

ऑगस्टच्या अखेरीला आमच्याकडे आंबवलेल्या हेरिंग माशांचे डबे फुटतात. वास असा की घरात कुणी फोडत नाही; अंगणात लांब टेबल मांडतात, पातळ भाकरी, उकडलेले बटाटे, कांदा. त्या वर्षी टेबल आमच्या अंगणात होतं. मी बाबांच्या मांडीवर बटाटा चिवडत होते. बिर्गेर होता. तो गिरणीत करवतींना धार लावायचा आणि त्याची जीभही तिथेच लावून आणलेली असायची.

"मंडळी, या माणसाला कमी समजू नका," बिर्गेर ग्लास उचलून म्हणाला. "आपण सगळे शिकारीला हक्काची सुट्टी घालवणार. आणि हा? हा सरकारच्या पैशानं शिकार करणार! पोर म्हणे सांभाळायचंय. वा रे टूरे! आधी ठाऊक असतं तर मीही आणखी एक पोर केलं असतं."

"तुझ्या बायकोला विचारलंस का?" कुणीतरी म्हणालं.

"तिला कशाला? रजा तर मी घेणार!"

सगळे हसले. पाठीवर थापा पडल्या. एवढं कौतुक बाबांच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. त्या सगळ्यांना खरंच तसंच वाटत होतं. रजेच्या नावाखाली टूरेने शिकारीचा अख्खा हंगाम साधला. दुसरं काही कारण असू शकेल, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

"म्हणजे शिकारीच्या पहिल्या सोमवारी तू कड्यावर," अल्गोट म्हणाला. त्याने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

बाबांनी श्वास आत ओढला. शब्द दिला. कारण तो आठवडा आईने इस्पितळातून मागून घेतला होता. ती घरी येणार होती.

कड्यावरचं ठाणं आमच्या घराच्या मागे, वर. शिकारीत कुत्री एल्कला उठवतात. एल्क म्हणजे आमच्या रानातलं घोड्याहून उंच सांबर. ते पळत सुटतं, आणि ठरलेल्या ठाण्यांवर माणसं बंदूक घेऊन उभी असतात. कड्यावरची वाट म्हणजे रानाचं शेवटचं दार. तिथे माणूस नसेल तर जनावर सरळ निघून जातं. ते ठाणं आजोबांचं होतं. आजोबा उन्हाळाभर नदीवर ओंडके वाहवत न्यायचे आणि हिवाळाभर जंगलात तोडणीला असायचे. बाबा शाळेत असतानाच ते वारले. बाबांजवळ त्यांची एकच आठवण होती. कड्यावर एक मोठा दगड आहे, त्याला पाठ टेकून आजोबा उभे राहत. तेवढा दगड झिजून गुळगुळीत झालाय. बाबा मोठे होऊन त्या ठाण्यावर उभे राहिले तेव्हा त्यांची पाठ त्या जागी नेमकी बसली. बापाबद्दल त्यांना जे काही ठाऊक होतं ते पाठीनेच.

आई गेली आणि घरात आम्ही दोघं उरलो. सकाळी ओटची पेज, मग लंगोट धुणं, वाळत घालणं, मग माझी झोप, मग पुन्हा पेज. गिरणीचा भोंगा वाजला की बाबांचे हात आपोआप थांबत. जेवणाच्या सुट्टीत ते मला ढकलगाडीत घालून गिरणीच्या कुंपणाकडे जात. पहिल्या दिवशी मित्रांनी हात केले. मग बिर्गेर ओरडला, "दूध पाजलंस का रे तिला? दाखव बघू कुठून पाजतोस!" पुढे हातही होईनात. लोक वाईट नव्हते. त्यांना ढकलगाडीमागच्या पुरुषाशी काय बोलावं हे कळत नव्हतं, एवढंच.

चर्चच्या खोलीत दर बुधवारी आयांची कॉफी असायची, लहान मुलांना घेऊन. बाबा एकदा गेले. दार उघडलं तेव्हा आत हसण्याचा मोठा आवाज होता. दार लागलं तोवर तो संपला होता. एकीने खुर्ची दिली. दुसरीने फार हळू विचारलं, "सोलवेगचं सगळं ठीक आहे ना?" घरात काही अघटित घडल्यावर विचारतात तसं. बाबांनी श्वास ओढला. बायकांच्या कपातले चमचे तेवढे वाजत राहिले. कॉफी संपवून बाबा निघाले. दाराबाहेर मला टोपी घालताना त्यांना आतलं हसणं पुन्हा सुरू झालेलं ऐकू आलं. ते परत गेले नाहीत.

माझ्याशीही ते फारसं बोलत नसत. मी बोट दाखवलं की श्वास ओढत. पक्षी? हो. बूट? हो. आणखी? हो. दिवसभरात घरात आवाज व्हायचा तो एवढाच.

शिकारीच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, आईचा फोन आला. तिच्याबरोबरची बाई आजारी पडली होती, म्हणून शुक्रवारीही तिला घरी येता आलं नव्हतं. नव्या माणसाला पहिल्याच महिन्यात आठवडाभर कोण सोडणार? "मला येता येत नाही, टूरे," ती म्हणाली. "हिल्डुरला विचार ना." फोनवर ती रडत होती का, हे बाबांना कळलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

हिल्डुर आमची शेजारीण. म्हातारी, कमरेत वाकलेली, पण गावातली निम्मी मुलं तिच्या स्वयंपाकघरात रांगली होती. तिला विचारावं लागलंच नाही. तीच कुंपणाशी येऊन म्हणाली, "उद्या पहाटे पोरीला माझ्याकडे टाक आणि जा. माझ्याकडे राहील ती."

"नको."

"नको काय? कड्यावर कोण उभं राहणार?"

"हिल्डुर, मी रजेवर आहे."

"अरे, रजेवर आहेस म्हणून तर जा! रजा कशाला असते?"

बाबांना शब्द जुळवायला वेळ लागला. हिल्डुरने मला हे पुढे बऱ्याचदा सांगितलं, आणि दरवेळी ती इथे थांबायची, बाबा थांबले होते तितकीच.

"ती रजा नाही गं," ते म्हणाले. "ते म्हणतात रजा. पगार देतात ना? मग गिरणीतल्यासारखी पाळीच की. पाळीवर असताना करवत सोडून कुणी शिकारीला जातं का?"

"तुझी आई असती तर हसली असती."

"हसली असती," बाबा म्हणाले.

संध्याकाळी ते मला ढकलगाडीत घालून टोळीच्या झोपडीवर गेले. वाटेत मुळं आणि दगड. मी उड्या मारत गेले म्हणे. आत चूल पेटलेली होती. काळी किटली उकळत होती, पुरुष कपात चीजचे तुकडे टाकून वर कॉफी ओतत होते. ढकलगाडी दारातून आत जाईना, म्हणून बाबांनी मला कडेवर घेतलं.

"उद्या मी नाही," ते म्हणाले. "सोलवेगला येता येत नाही."

अल्गोटने कप खाली ठेवला. "हिल्डुर आहे की."

"मी आहे."

"शब्द दिला होतास तू."

बाबांनी श्वास आत ओढला. नाकारण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"थांबा, थांबा," बिर्गेर म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य होतं. "म्हणजे सरकार तुला खरंच पोर सांभाळायला पैसे देतंय? आणि तू खरंच सांभाळतोयस?"

या वेळी हसणं वेगळं होतं. त्यात थापा नव्हत्या. अल्गोट हसला नाही. त्याच्याकडे जादा माणूस नव्हता. नकाशावर कड्याच्या जागी ठेवलेली काडी त्याने उचलली आणि चुलीत टाकली.

शिकारीच्या पहिल्या सोमवारी गावात कुणी नसतं. गिरणीची करवत बंद, शाळेत मास्तर नाही, दात दुखला तर डॉक्टर नाही. सप्टेंबरमधल्या त्या सुट्टीचं कारण आमच्याकडे कुणी कुणाला विचारत नाही. बाबांनी मला मांडीवर घेतलं, पेजेची वाटी पुढ्यात ओढली आणि खिडकी उघडी ठेवली. त्या सकाळबद्दल ते माझ्याशी एकदाच बोलले, माझा मुलगा झाल्यावर.

पहिली गोळी दलदलीच्या बाजूला वाजली. बिर्गेर, बाबांनी ओळखलं. त्याला नेहमी घाई. मग बराच वेळ काही नाही. मग कुत्रं. एका जागी थांबून भुंकणारं, म्हणजे जनावर उभं आहे. मग भुंकणं सरकायला लागलं. ओढ्यावरून वर, बर्चच्या झाडीतून, कड्याकडे. बाबा चमचा माझ्या तोंडापुढे धरून बसले होते. आता. आता वाजायला हवी. भुंकणं कड्यावरून पुढे आलं आणि अलीकडच्या बाजूला उतरलं. काही वाजलं नाही. रिकामं ठाणं कसं ऐकू येतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

आणि मग ते जनावर आमच्या अंगणात उतरलं. मोठा नर होता. त्याची छाती घामाने काळी पडलेली. दोरीवर माझे लंगोट वाळत होते, पांढरे, ओळीने. त्यांच्यापुढे येऊन तो थांबला. असलं काही त्याने रानात पाहिलं नसावं. बाबांची बंदूक मागे भिंतीवर होती. मला खाली ठेवायचं, उठायचं, दाराच्या पायरीवर जायचं. बाबा म्हणाले, तेवढा वेळ होता. नक्की होता.

मी तोंड उघडून बसले होते. चमचा अर्ध्यावर थांबलेला. मी हात आपटला.

बाबांनी चमचा माझ्या तोंडात घातला.

एल्कने मान झटकली, दोरी तुटली, आणि तो शिंगावर एक लंगोट घेऊन बटाट्याच्या वाफ्यातून, रस्ता ओलांडून, नदीत उतरला. पलीकडचं रान दुसऱ्या गावाचं.

थोड्या वेळाने माणसं आली, कुत्र्याच्या मागोमाग, धापा टाकत. तुटलेली दोरी त्यांनी पाहिली, वाफ्यातले खूर पाहिले. बाबा मला कडेवर घेऊन पायरीवर उभे होते.

"इथून गेला?" अल्गोटने विचारलं.

बाबांनी श्वास ओढला.

"तू पाहिलास?"

पुन्हा श्वास.

"मग तू काय करत होतास?"

बाबांनी खरं ते सांगितलं. "ती जेवत होती."

त्या हंगामात तेवढा मोठा नर पुन्हा कुणाला दिसला नाही. लंगोट मात्र नदीकाठच्या झुडपात सापडला. बिर्गेरने तो काठीला बांधून गिरणीच्या फाटकावर लावला. "सरकारी निशाण!" म्हणे.

टोळीची मांस वाटायची शेड आमच्या जागेत आहे, अंगणाच्या टोकाला. आजोबांनी दिलेली. आठवड्याअखेर तिथे मांसाचे ढीग मांडतात. एकजण ढिगांकडे पाठ करून उभा राहतो, म्हणजे चांगला ढीग कुठला, हाडांचा कुठला, हे त्याला दिसू नये. दुसरा एकेका ढिगावर बोट ठेवून विचारतो, "हा कुणाचा?" पाठमोरा माणूस नाव घेतो. नियम एकच. ठाण्यावर जो उभा राहिला, त्याचंच नाव.

कॉफी आमच्या घरची, हाही जुना रिवाज. बाबा एका हातावर मी आणि दुसऱ्या हातात किटली, असे शेडमध्ये गेले. सगळ्यांना ओतली. कप पुरले नाहीत, म्हणून स्वतःला घेतली नाही. पाठमोरा अल्गोट होता.

"हा कुणाचा?"

"बिर्गेर."

"हा?"

"पेटरसनच्या थोरल्याचा."

"हा?"

ढीग संपत आले. बाबांना नियम ठाऊक होता. पण शेवटच्या ढिगावर बोट जाईपर्यंत ते किटली धरून तसेच उभे राहिले. ते कान देऊन ऐकत होते, हे हिल्डुरने कुंपणाकडून पाहिलं. शेवटचं नाव दुसऱ्याच कुणाचं निघालं. माणसांनी आपापलं मांस पोत्यात भरलं, कप पालथे घातले आणि कॉफीबद्दल आभार मानले. आमच्याकडे आभार मानायला विसरत नाहीत.

सगळे गेल्यावर अल्गोट परत आला. त्याच्या हातात नळीचं एक हाड होतं, स्वच्छ खरवडलेलं.

"हे वाट्यातलं नाही," तो म्हणाला. "पोरीला दात येत असतील. चावायला."

बाबांनी हाड घेतलं.

"कड्यावर पुढच्या वर्षीपासून बिर्गेरचा जावई राहील."

बाबांनी श्वास आत ओढला. हाडालाही तेवढाच, आणि कड्यालाही.

नोव्हेंबरमध्ये बर्फ पडलं. उजेड दुपारीच संपायचा. मी एक वर्षाची झाले आणि उभी राहू लागले. एका शुक्रवारी आई बसमधून उतरून आली, बुटांना बर्फ, नाक लाल. कोट न काढताच खाली बसली आणि मला म्हणाली, "मालीन, दूध हवं?"

मी ओठांचा चंबू केला आणि श्वास आत ओढला.

आई माझ्याकडे बघत राहिली. मग बाबांकडे वळली. "हे कधीपासून?"

"झाले काही दिवस."

"फोनवर सांगितलं नाहीस."

"फोनवर कसं सांगणार?"

ते खरंच होतं. आईला हसू आलं. मग ते हळूहळू गेलं, आणि ती तशीच कोटात बसून राहिली. तिच्या बुटांवरचं बर्फ वितळून जमिनीवर ओघळ आला.

"मी नसताना ती आणखी काय काय करते?" तिने विचारलं.

बाबांनी बराच विचार केला. सांगण्यासारखं त्यांना काहीतरी शोधायचं होतं.

"जेवते," ते म्हणाले.

रजा संपल्यावर बाबा गिरणीत परत गेले. करवत तीच होती, डबा खायचा बाक तोच होता. अल्गोटने त्यांना पुढे शिकारीला घेतलं, पण खाली, हाका घालणाऱ्यांत. कड्यावर ते पुन्हा उभे राहिले नाहीत. उन्हाळ्यात कधी कधी एकटे वर जायचे. मी एकदा मागोमाग गेले होते. ते दगडापाशी उभे होते, पण पाठ टेकलेली नव्हती. ती जागा आता बिर्गेरच्या जावयाची, असं बहुधा त्यांनी मानलं होतं.

आता मी दक्षिणेकडच्या एका शहरात राहते. माझा मुलगा वर्षाचा झाला तेव्हा त्याच्या बापाने, योआकिमने, रजा घेतली. कुणी काही म्हटलं नाही. आमच्या घराजवळ मुलांचं मैदान आहे. सकाळी तिथे बाप बसलेले असतात, बाकावर ओळीने, हातात कॉफी, पायाशी ढकलगाड्या. झोप, दात, जुलाब, फुटबॉल, असं काय काय बोलत असतात.

त्या वसंतात बाबा आमच्याकडे आले. एका सकाळी मी त्यांना मैदानावर घेऊन गेले. फाटकाशी ते थांबले. बाकाकडे बघत राहिले.

"एवढे?" ते म्हणाले.

"रोज असतात."

"आणि हे सगळे..."

"हो बाबा. पाळीवर आहेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हिल्डुरने मला ते सांगितलंय, हे त्यांना तोवर माहीत नव्हतं.

योआकिमने हात केला, बाकावर सरकून जागा केली. "या ना, बसा इथे!" शेजारचे दोघंही सरकले. बाबांनी श्वास आत ओढला. पण ते हलले नाहीत. फाटकाजवळ एक जाड खोडाचं मॅपलचं झाड आहे. त्याला पाठ लावून, पाय जरा फाकवून ते उभे राहिले, हात कोटाच्या खिशात. दक्षिणेकडच्या त्या बापांना तो होकार कळला नव्हता. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला नको असेल. थोड्या वेळाने ते पुन्हा पसरून बसले.

माझ्या मुलाच्या हातात दालचिनीचा पाव होता, थुंकीने भिजलेला. नुकता चालायला लागला होता आणि जे हातात असेल ते वाटत सुटायचा. बाकापासून सुरुवात केली. एकेका बापापुढे थांबायचा, पावाचा तुकडा मोडायचा, द्यायचा. ते हसून घेत होते आणि त्याची नजर चुकवून खिशात टाकत होते. ओळ संपली. तो वळला. फाटकापर्यंतचं अंतर त्याच्यासाठी बरंच होतं. मध्ये एकदा पडला, उठला. झाडापाशी येऊन त्याने उरलेला तुकडा वर केला.

बाबांनी खिशातून हात काढला, वाकून तो घेतला आणि तोंडात टाकला. चावत चावत पुन्हा सरळ उभे राहिले.